गिरगावचे दात, भिसेगावची वकिली

गिरगाव, मुंबई
११ जानेवारी १९४२

चि. गोपाळकृष्ण यास तात्याचे अनेक आशीर्वाद.

रंगूनवर जपान्यांनी बॉम्ब टाकले ही बातमी एव्हाना बैलगाडीने तुमच्या कर्जतला पोचली असेल. पुढचा बॉम्ब मुंबईवर, आणि तोही नेमका आपल्याच गच्चीवर, अशी इथल्या प्रत्येकाची खात्री झाली आहे. आमच्या चाळीत माणसांपेक्षा कुलपं जास्त दिसतात. तळमजल्यावरचे शेटजी काल सहकुटुंब भुसावळला गेले. जाताना मला म्हणाले, "डाक्टरसाब, तुम्ही राहा, तुम्हाला कोण मारणार?" हा धीर होता की अपमान, ते अजून ठरवतो आहे.

दंतवैद्याच्या धंद्याला लढाई मानवत नाही. माणूस एकदा मरणाला भ्यायला की दाढेला भीत नाही. काल दिवसभरात दवाखान्याची पायरी एकच बाई चढली, आणि तिला बोरीबंदरची ट्राम कुठे मिळते ते हवं होतं. विलायती खुर्चीत मी स्वतःच बसून पेपर वाचतो. भाडं मात्र घरमालक न घाबरता मागतो.

मी घाबरलो आहे असा समज करून घेऊ नकोस. डॉक्टर मित्रांनी मला हवापालट सुचवला आहे. माझ्या आत्याचा एकुलता एक मुलगा कर्जतला वकील आहे, भिसेगावात त्याचं घर आहे, मागे विहीर आहे, हे मला अचानक आठवलं. आजवर तुझ्या गावाला मी जी नावं ठेवली ती निव्वळ प्रेमापोटी, हे तू जाणतोसच. महिनाभर येतो. माझ्यासाठी वेगळं काही करू नका, फक्त कमोडची काही सोय होते का ते बघ.

तुझा,
तात्या


भिसेगाव, कर्जत
१६ जानेवारी १९४२

गिरगाव-दंतसम्राट ती. तात्या यांस गोपाळकृष्णाचा साष्टांग नमस्कार.

हवापालटाला आलेले तुझ्यासारखे शूर इथे इतके झाले आहेत की पालटायला हवाच उरलेली नाही. पलीकडच्या जयवंता म्हातारीने गोठा एका कापडवाल्याला भाड्याने दिला. म्हैस आता पेरूच्या झाडाला बांधते. कापडवाला खूश, म्हातारी खूश, म्हशीला कोणी विचारलेलं नाही. गेल्या वर्षी ज्या खोलीला कुत्रं विचारत नव्हतं तिचं भाडं मागायला लोक आता अंगात कोट घालून जातात.

तरी ये. महिनाभर कशाला, वर्षभर राहा. त्याचं असं झालं आहे. "गोपाळा, तुझी अक्कल कर्जतात सडते आहे" हे तू मला दर दिवाळीला ऐकवत आलास. परवा चारुलताही तेच म्हणाली, आणि ती तुझ्यासारखी बोलून थांबत नाही. तिने माळ्यावरून ट्रंका खाली काढल्या. आमची सुचेता पुण्याला मावशीकडे राहून मॅट्रिक झाली, तेव्हापासून इथे पापड लाटते आहे. तिला कॉलेजात जायचं आहे. कर्जतला कॉलेज निघेपर्यंत तिची नातवंडं मॅट्रिक होतील.

तेव्हा अदलाबदल करू. तू माझ्या घरात राहा, आम्ही तुझ्या. भाडं कोणी कोणाला द्यायचं नाही. बॉम्ब पडलाच तर तो माझ्या डोक्यावर पडेल, म्हणजे तुझं पागडीचं नुकसान वाचेल. मीही एकदा मुंबईची वकिली करून बघतो. इथे अशील फीऐवजी तांदूळ आणून टाकतात आणि वर माझ्याच ओसरीवर जेवून जातात. तिथे म्हणे नोटा देतात.

शेजारचा येसाजी इथला पोलीस पाटील आहे. माणूस चांगला आहे. त्याच्याशी नीट वाग, मुंबईचं पांडित्य सांगू नकोस. कमोडची सोय आहे. विहिरीच्या पलीकडे डोंगरापर्यंत सगळी तीच आहे.

तुझा,
गोपाळकृष्ण


भिसेगाव, कर्जत
२० मे १९४२

चि. गोपाळास आशीर्वाद.

आजन्म कारावासाचा तिसरा महिना चालू आहे. प्रकृती उत्तम. तीच तक्रार आहे. दूध इतकं दाट की चहाचा चहा राहत नाही. रात्री अंथरुणाला पाठ लागली की सकाळच होते, मधे काही विचार करायला सवडच नाही. कोट आवळतो, आणि शिंपी राहतो तिकडे चौक गावाला.

तुझ्या ओसरीवर पाटी लावली आणि तुझ्या आरामखुर्चीला दवाखान्याची खुर्ची केली. पहिले कित्येक दिवस लोक नुसते बघायला आले. इथल्या माणसांचे दात ही माझ्या धंद्याची क्रूर थट्टा आहे. साठीची बाई माझ्यासमोर ऊस फोडून खाते. मग कसाबसा एक जण आला, वाल्मिक नावाचा. विचारतो, "डाक्टर, दात काढाया किती घेता?"

म्हटलं, "दोन रुपये."

"आनि नाय काढला तर?"

"तर काहीच नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाला. पण हलेना. शेवटी सांगितलं की दात त्याचा नव्हता, बैलाचा होता, आणि बैल फाटकाशी उभा आहे. गोपाळा, मी मुंबईत एका संस्थानिकाच्या मेहुणीची कवळी केलेली आहे. मी बैलाचं तोंड उघडून पाहिलं. दुसरं काय करणार होतो? दिवसभरातला तो पहिलाच रोगी होता.

तेव्हापासून मात्र ओसरी भरलेली असते. मिळकतीचं विचारशील तर एका दाढेला एक फणस असा सध्याचा भाव आहे. फणस फोडायला माणूस लावला, त्याने मजुरी म्हणून निम्मा फणस नेला. उरलेला शेजाऱ्यांत वाटला, म्हणून त्यांनी करवंदं पाठवली. करवंदं आंबट निघाली, दात आंबले. असा हा धंदा स्वतःभोवती फिरतो. रोख रक्कम मात्र त्यात कुठेच शिरत नाही. मुंबईत मी महिन्याला जे कमवायचो ते इथे वर्षात दिसणार नाही. खर्च करावा तर दुकान नाही, म्हणून महिन्याअखेरीस काहीतरी शिल्लक राहते. हा प्रकार मला नवा आहे. शिल्लक पैशाचं लोक काय करतात ते कळव.

तुझा,
तात्या


गिरगाव, मुंबई
२ ऑगस्ट १९४२

ती. तात्यास सा. न.

शिल्लक पैशाचं लोक काय करतात ते मुंबईत कोणालाच माहीत नाही. मी चार जणांना विचारलं.

माझं उत्तम चाललं आहे. फोर्टात एका मोठ्या सॉलिसिटरांच्या पेढीत माझी वर्णी लागली. डोक्यावर विजेचा पंखा, दाराशी पट्टेवाला. पगार कर्जतच्या मिळकतीच्या दुप्पट. एक तारखेला मी लक्षाधीश असतो. मग दूधवाला, कोळसेवाला, वाणी, ट्राम, सुचेताची फी आणि धोबी असे एकेक करून मला भेटून जातात, आणि मी पुन्हा पहिल्यासारखा विरक्त होतो. कर्जतला कोथिंबीर विकत घेतो म्हटलं असतं तर लोकांनी डोकं तपासलं असतं. इथे काडीकाडीला भाव आहे. बरं, पैसे द्यावे म्हटलं तर बाजारात चिल्लर नाही. वाणी सुट्ट्याऐवजी पोस्टाची तिकिटं हातावर ठेवतो. त्यातलंच एक या पाकिटाला लावलं आहे, म्हणजे हे पत्र तुला तूरडाळीतून मिळालं असं समज.

काळोख करण्याचा सरकारी हुकूम असल्यामुळे संध्याकाळी सगळी मुंबई एकमेकांच्या पायांवर पाय देत फिरते. परवा मी अंधारात एका गृहस्थाची क्षमा मागितली. तो पत्राची पेटी निघाला. पण त्या पेटीइतकं शांतपणे माझं कोणी आजवर ऐकून घेतलेलं नाही.

मोठ्या शहरात बुद्धीचं चीज होतं हे तुझं म्हणणं खरं ठरलं. तुझी खुर्ची पुसून ठेवतो.

तुझा,
गोपाळकृष्ण

ता. क. तात्याभावजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून हे लिहिते. पंखा आहे तो साहेबाच्या डोक्यावर. यांचं टेबल जिन्याखाली आहे. दुसऱ्यांनी केलेले कच्चे मसुदे हे दिवसभर तपासत बसतात. कोर्टात उभं राहून बोलल्याला आता सहा महिने होतील. कर्जतला गोपाळराव गोपाळराव म्हणून स्टेशनपासून घरापर्यंत दहा जण थांबवायचे. इथे साहेब "दिघे" अशी हाक मारतो आणि बाकी कोणी हाकच मारत नाही. जेवताना अलीकडे गप्प असतात. सुचेताचं मात्र छान चाललं आहे, म्हणून मीही काही बोलत नाही. हे मी कळवलं असं यांना लिहू नका. चारुलता.


भिसेगाव, कर्जत
८ नोव्हेंबर १९४२

चि. गोपाळास आशीर्वाद.

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. सहदेव दूध घालायला कल्याणपर्यंत जातो, तो पुढे मुंबईत येऊन तुझ्या हातात देईल. वाचून चुलीत घाल. चारुवहिनींना वाचायला दिलंस तरी चालेल, त्या तुझ्यापेक्षा कमी बोलतात.

आपल्या तालुक्यात 'चले जाव' चळवळीतली काही मंडळी डोंगरात राहून मुंबईला जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडत आहेत, हे तुझ्या कानावर असेल. मनोरा पडला की तुझा पंखा थांबत असेल.

गेल्या बुधवारी भर दुपारी मी जेवून ओसरीवर बसलो होतो. कोंडी नावाची लाकूडमोळीवाली आली. मागे दोघं जण, आणि त्यांच्या मधे घोंगडीत गुंडाळलेला तिसरा. घोंगडी बाजूला केली तर तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडलेला, तोंड सुजून कलिंगडाएवढं झालेलं.

कोंडी म्हणाली, "झाडावरनं पडला, डाक्टर."

"कसलं झाड?"

"उंच हाय."

त्याच्या हातांना गंज आणि काळं ग्रीस लागलं होतं. मी म्हटलं, "बाई, या झाडाला लोखंडाची पानं येतात वाटतं?"

तिने घोंगडी पुन्हा त्याच्या हातांवर ओढली. मग म्हणाली, "तुमी बैलाचा दात बगितला म्हून आलो. तुमी नाय म्हनला तर आमाला दुसरं कोन नाय."

गोपाळा, तू मला ओळखतोस. शाळेत फटाके वाजले तरी मी बाकाखाली जायचो. मुंबई सोडून आलो तो बॉम्बच्या भीतीने, हवापालटाची थाप तू पहिल्याच ओळीत ओळखली असशील. मला नाहीच म्हणायचं होतं. तोंडात शब्दही तयार होता. पण तोवर माझा हात त्याच्या हनुवटीखाली गेला होता, आणि एकदा मोडलेलं हाड हाताला लागलं की मग मला दुसरं काही सुचत नाही.

संध्याकाळपर्यंत काम केलं. वरचे दात आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकले, म्हणजे जबडा हलत नाही आणि हाड जुळून येतं. गुंगीचं औषध माझ्याजवळ होतं ते अपुरं. त्याने दोन्ही मुठींनी तुझी आरामखुर्ची धरली आणि एक हुंकारही काढला नाही. खुर्चीचा डावा हात उपटून आला आहे, तेवढा तू सोडून दे.

पोराचा मागचा एक दात आधीच नव्हता. त्या फटीतून पेज पाजायची असं कोंडीला दाखवलं. दीड महिना तार काढायची नाही, मग मलाच काढावी लागेल. फी मागितली नाही. मागितली असती तर पावतीवर नाव लिहावं लागलं असतं.

गिरगावात लोकांचे पिवळे दात पांढरे करून मी घर चालवलं. हातून झालेलं एवढं नेटकं काम दुसरं आठवत नाही. आणि या एकाच कामाची फुशारकी मला मारता येत नाही. म्हणून तुला लिहिलं.

तुझा,
तात्या


गिरगाव, मुंबई
१० नोव्हेंबर १९४२

तात्या,

सहदेव दाराशी उभा आहे, म्हणून मायना वगैरे राहू दे.

तू मूर्ख आहेस. जन्मभर भित्रेपणा नेटाने सांभाळलास आणि सोडलास कुठे, तर माझ्या ओसरीवर! भर दुपारी! ज्याच्या शेजारी पोलीस पाटील राहतो त्या घरी! फरारी माणसाला आसरा देण्याबद्दल भारत संरक्षण कायद्याखाली काय होतं ते मी तुला सांगत नाही, तुझी झोप चांगली आहे असं कळवलं होतंस.

आता ऐक. पहिल्या गाडीने मुंबईला निघून ये. खोली तुझीच आहे. आम्ही मधल्या बोळात झोपू. इथे आलास की तू गिरगावातला एक दंतवैद्य. कर्जतचा तुझा कोणाशी संबंध नाही. कोणी विचारलंच तर काहीही बोलू नकोस. हे तुला जमणार नाही हे मला माहीत आहे, तरी वकील म्हणून सांगायला हवं.

आणखी एक. मी फार मोठा वकील झालो आहे असं माझ्या पत्रांवरून तुला वाटत असेल, तर तसं नाही. अडचण आली तर माझ्यावर भिस्त ठेवू नकोस. मी जिन्याखाली बसतो.

गोपाळ


भिसेगाव, कर्जत
१४ डिसेंबर १९४२

चि. गोपाळास आशीर्वाद.

उत्तराला महिना लावला, आणि हेही सहदेवबरोबरच पाठवतो. जिन्याचं मला ऑगस्टपासून माहीत आहे. कसं ते विचारू नकोस.

येता येत नाही. तार बांधली ती सोडायला कोण येईल, तू? दीड महिना भरायला अजून आठवडा आहे. तार तशीच राहिली तर हिरड्या सडतील, आणि दुसऱ्या कोणी ओढून काढली तर जुळलेलं हाड पुन्हा मोडेल. काम अर्धवट टाकून निघून जायला मी काय वकील आहे?

शनिवारी फौजदार आले. कोणीतरी चुगली केली असणार. खुर्चीचा मोडका हात बघून त्यांनी विचारलं, "हा कसा मोडला?"

"रोग्याने."

"कोणत्या रोग्याने?"

"ज्याला दुखलं त्याने. ज्यांना दुखत नाही ते हात मोडत नाहीत."

"डॉक्टर, थट्टा नको. जबडा मोडलेला माणूस इथे आला होता की नाही?"

"आला होता." बघ, तू म्हणालास तसंच झालं, गप्प राहणं मला जमलं नाही. "जबडा मोडल्यावर माणूस दंतवैद्याकडे येतो. सोनाराकडे जात नाही."

त्यांनी माझी हत्यारांची पेटी नेली. पाटी उतरवली. बाविसाव्या तारखेला मॅजिस्ट्रेट साहेबांचा मुक्काम खालापूरला आहे, तिथे हजर राहायचं आहे. तोवर भिसेगाव सोडायचं नाही. फाटकाशी एक शिपाई बसवला आहे. जयवंता म्हातारी त्याला ताक देते, बहुतेक त्यात झोपेचं काहीतरी असावं. तो आल्यापासून जागा दिसलेला नाही.

मला भीती वाटते. बाकी सगळं वर लिहिलं ते खरं आहे, आणि हेही खरं आहे. मुंबईचा एखादा बडा वकील येत असेल तर पाठव. जवळची सगळी शिल्लक देईन. या गावाच्या कृपेने ती आहे.

तात्या


गिरगाव, मुंबई
१७ डिसेंबर १९४२

ती. तात्यास सा. न.

बडे वकील तीन पाहिले. एकाने फी सांगितली, ती ऐकून मी त्याच्याच खुर्चीत बसलो. दुसऱ्याने खालापूर कुठे आहे ते विचारलं. तिसरा सरकारविरुद्ध उभा राहत नाही, त्याच्या मुलाचं नोकरीचं चाललं आहे.

साहेबाकडे आठ दिवसांची रजा मागितली. "दिघे, गेलात तर परत येऊ नका," असं तो म्हणाला. पेढीत लागल्यापासून तो माझ्याशी बोललेलं हे सर्वांत लांब वाक्य.

काळा कोट धुवायला टाकला आहे. एकवीसला पोचतो.

गोपाळ


भिसेगाव, कर्जत
२४ डिसेंबर १९४२

चि. सौ. चारुलतेस आशीर्वाद.

पत्र सहदेवबरोबर पाठवतो. सुचेतालाही वाचून दाखव, पण खिडकी लावून.

बावीस तारखेला सकाळी आम्ही गाडीने खोपोलीला उतरलो आणि टांगा केला. बरोबर तो झोपाळू शिपाई. वाटेत तात्याचं पोट बिघडलं. टांगा थांबवून तो करवंदीच्या जाळीआड गेला. तिकडे एक मोळीवाली मोळी टेकवून बसली होती. पोट चांगलंच बिघडलं असावं, बराच वेळ लागला. शिपायाने दोन विड्या संपवल्या. मी त्याला कुळकायद्यावर व्याख्यान दिलं. तो अर्ध्यावर झोपला. तात्या परत आला तेव्हा त्याच्या बाहीवर रक्ताचे तीन-चार ठिपके होते आणि कोटाचा खिसा एखादी पक्कड असावी तसा लोंबत होता. मी काही विचारलं नाही. त्याने आपणहून एवढंच सांगितलं, "छान जुळलंय रे. दाताला दात लागतो." आणि टांग्यात बसून रडला. मी कोट उतरवून त्याला दिला, कारण बाही झाकायला हवी होती.

कचेरीत पोचायला उशीर झाला म्हणून मॅजिस्ट्रेट साहेब आधीच तापलेले. पहिली साक्ष येसाजीची. सरकारी वकिलांनी विचारलं, "तू शेजारी राहतोस. नोव्हेंबरातल्या त्या बुधवारी दुपारी डॉक्टरकडे कोण आलं होतं?"

"साहेब, मी मळनीवर व्हतो."

"तुझं खळं ओसरीसमोरच आहे."

"हाय ना. पर मळनीत भूस उडतं. डोळं मिटून ऱ्हावं लागतं."

"दुपारभर डोळे मिटून होतास?"

"भूस लई व्हतं, साहेब."

पोलीस पाटलाची पाटीलकी जायची वेळ होती, चारू. घरात पाच माणसं खाणारी आहेत. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता, पण शब्द बदलला नाही.

मग तात्या. नाव का विचारलं नाही, या प्रश्नावर तो म्हणाला, "जबडा मोडलेला माणूस ओठसुद्धा मिटू शकत नाही. नाव काय सांगणार? आणि काम झाल्यावर मी त्याचं तोंड तारेने बांधून टाकलं. नाव विचारण्याची वेळ त्या दोहोंच्या मधे कुठे होती ते साहेबांनीच सांगावं." कचेरीत हशा झाला.

मग मी बिनकोटाचाच उठलो. किती महिन्यांनी उभा राहिलो ते तुला ठाऊक आहे. जमलेल्या माणसांतून कोणीतरी हळूच म्हणालं, "गोपाळराव उठलं." बस, मग पुढचा पाऊण तास मी काय बोललो ते येसाजीला विचार. एवढं आठवतं, मी साहेबांना म्हटलं की रोग्याची चौकशी करून मगच इलाज करायचा असा कायदा असेल तर तो मला दाखवावा. मी तो मुंबईच्या सर्व डॉक्टरांना पाठवतो, तिथे उद्या एकही रोगी उरणार नाही. फरारी कोण, हे पोलिसांना ठाऊक नाही. त्यांनी त्याला पाहिलेला नाही. आणि ज्याला त्यांनी पाहिलं नाही त्याला माझ्या अशिलाने ओळखायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं आहे.

पुराव्याअभावी सोडला! कचेरीच्या पायऱ्यांवर लोकांनी आम्हाला उचललंच असतं. पण तेवढ्यात वरून आलेला दुसरा हुकूम वाचून दाखवला. डॉक्टर त्र्यंबक कर्णिक यांचं या भागातलं वास्तव्य सार्वजनिक शांततेला बाधक आहे, सबब त्यांनी कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके तीन दिवसांत सोडावेत, पुन्हा पाऊल टाकू नये, आणि मूळ ठिकाणी मुंबईस राहावं.

तात्याने तो दोनदा वाचायला लावला. मग साहेबांना विचारलं, "याऐवजी तुरुंग मिळणार नाही का?"

पेढीची नोकरी गेली, त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. काल ओसरीवर नऊ अशील येऊन गेले. तांदूळ कुठे ठेवायचा ते कळव.

तुझा,
गोपाळकृष्ण


गिरगाव, मुंबई
१३ एप्रिल १९४३

चि. गोपाळास आशीर्वाद.

शिक्षा भोगतो आहे. जन्मभर ज्या गावात राहण्याची ऐट मिरवली तिथे आता सरकारी हुकमाने राहतो. शेटजी भुसावळहून परत आले. चाळीतली कुलपं निघाली. विलायती खुर्ची सकाळी नऊपासून भरलेली असते. काल एका आगबोट कंपनीच्या मॅनेजरच्या दातांवरचे सिगारेटचे डाग काढले. पाऊण तास तो मला महागाई समजावत होता, तोंडात माझी हत्यारं असताना. पैसे रोख दिले. मी मोजून घेतले, आणि दुपारपर्यंत ते गेलेसुद्धा.

चारुवहिनी तिकडे गेल्यापासून इथलं घर सुचेता चालवते. तिची परीक्षा बरी गेली. मला ती हिशेब शिकवते आणि जास्त बोलू देत नाही.

आता मुख्य मजकूर. तू आलास तेव्हा बोललो होतो त्याप्रमाणे मी हुकूम पुन्हा नीट वाचला. त्यात दोन तालुके लिहिले आहेत. वांगणी ठाणे जिल्ह्यात येते, ती त्यात नाही. तेव्हा गेल्या रविवारी घडीची खुर्ची आणि नवी पेटी घेऊन सुचेता आणि मी वांगणीला उतरलो आणि चिंचेखाली बसलो. तू निरोप पोचवला होतास ते दिसलंच. नेरळकडून माणसं चालत येत होती, काही जण कर्जतहून गाडीने. एक म्हातारा भिवपुरीहून पोराच्या पाठीवर बसून आला. संध्याकाळपर्यंत मान वर करायला सवड मिळाली नाही. मिळकत म्हणशील तर एक कोहळा, दोन पायल्या वरी आणि गाडीभाडं निघेल इतके पैसे. सुचेता म्हणते, दर रविवारी आलो तर आपण मे महिन्यापर्यंत भिकेला लागू. मी म्हटलं, जूनपर्यंत ताणू.

शेवटी एक पोलीस शिपाई आला. सुचेताने पेटीवर पदर टाकला.

"तुमीच ते कर्णिक डाक्टर? कर्जतला बंदी हाय ती?"

"हो."

"मंग हितं का बसलात?"

"इथे बंदी नाही म्हणून."

त्याने चारी बाजूंना बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि खुर्चीत बसला. "मागची दाढ," म्हणाला. "शिमग्यापासनं ठनकतिया."

दाढ काढली. तेवढ्याच कामाचे मुंबईत मी पाच रुपये घेतो, त्याला चार आणे सांगितले. धंद्याची ही अधोगती तुला कळावी म्हणून पत्र. त्याच्याजवळ चिल्लर नव्हती. पुढच्या रविवारी देतो म्हणाला, आणि बायकोलाही घेऊन येतो म्हणाला.

तुझा,
तात्या